रामकुंडाचा घास, स्कॉटलंडचा कावळा

तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा असा माझा आग्रहही नाही, कारण माझा स्वतःचा बसायलाच वर्ष गेलं. पण साहेबाच्या देशातली एक अख्खी लक्झरी बस, आतल्या सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, भर पावसात एका कावळ्यासमोर हात जोडून उभी होती. आणि ती उभी केली होती आपल्या नाशिकच्या गंगाधरपंत क्षेमकल्याण्यांनी. हे काय समोर बसलेत, तिसरा लाडू खाताहेत. विचारा त्यांना.

"दुसरा," गंगाधरपंत म्हणाले.

गंगापूर रोडला दिनेशच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. दिनेश मूळचा नामपूरचा, कांद्याचा व्यापारी. पंगत उठत आली होती. पौरोहित्य केलं होतं गंगाधरपंतांच्या पत्नीने, उत्तराबाईंनी, आणि त्या आतल्या खोलीत पूजेची भांडी आवरत होत्या. दिनेशच्या आई कुसाबाई सकाळपासून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "पन बाई भटजी कशी व्हयनी?" आता असा प्रश्न पडला आणि मी गप्प बसलो, असं कधी झालं नाही. ही हकिगत मला पंतांनीच सांगितली होती. त्यांच्याकडे होती तेव्हा फार किरकोळ होती. माझ्याकडे राहून तिने जरा बाळसं धरलं, इतकंच.

तर उत्तराबाईंचे वडील रंगनाथगुरुजी. घरात सगळे अप्पा म्हणत. पंचवटीतले तीर्थोपाध्याय. जन्म गेला रामकुंडावर लोकांचे दहावे करण्यात. कावळा पिंडाला शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, आणि ती कोणती हे घरच्यांना पक्कं ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं, हे त्यांना पाठ होतं. "बोला, बोला, लाजू नका, त्यांना सगळं कळतंय," असं म्हणत ते भल्याभल्यांच्या तोंडून वचनं वदवून घेत. अप्पांना मुलगा नव्हता. सगळे मंत्र, सगळे विधी त्यांनी लेकीला शिकवले. "माझे यजमान उत्तरानेच सांभाळावेत," हे त्यांचं एकच मागणं होतं.

गंगाधरपंत वीज मंडळात हेडक्लार्क. ते म्हणाले, "क्षेमकल्याण्यांची सून दक्षिणा घेत फिरणार? मला नाशकात तोंड दाखवायला जागा उरणार नाही." विषय तिथे मिटला. अप्पा गेले. त्यांच्या दहाव्याला निदान कावळा अडेल, असं काही जणांना वाटलं होतं. पण रामकुंडावरचे कावळे पडले अप्पांच्या रोजच्या ओळखीतले. पिंड ठेवायच्या आत शिवून मोकळे झाले. पंत सुटले.

पुढे दोन हजार पाच साली हे दोघं मुलाकडे, मयुरेशकडे, इंग्लंडला गेले. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले. घरात बसून कंटाळतील म्हणून मयुरेशने त्यांना स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाच्या बससहलीत बसवलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, रोज नवं हॉटेल, बरोबर गाइड. निघायच्या आदल्या दिवशी उत्तराबाईंनी बॅगेतून नाशिकची दिनदर्शिका काढली आणि खाटेवर बसल्या.

"अहो, हा पितृपक्ष आहे. अप्पांची दशमी सहलीत येतेय."

"इकडे पितृपक्ष नसतो," पंत म्हणाले.

"पितर असतात ना? इथली माणसं काय मरत नाहीत?"

मयुरेशने पैसे परत मिळणार नाहीत असं सांगितलं. उत्तराबाई म्हणाल्या, "हरकत नाही. तांदूळ, तूप आणि काळे तीळ मी बरोबर घेते. अप्पांचा घास कुठेही ठेवता येईल. कावळा काय, सगळीकडे असतो."

"तठे कावळे शेतस का?" कुसाबाईंनी विचारलं. हाच प्रश्न, कुसाबाई, हाच!

बस एवढी लांब होती की पुढची माणसं जेवून उठली तरी मागची अजून—

"एवढी नव्हती हो," पंत म्हणाले.

तुम्ही आत बसला होतात. बाहेरून कशी दिसणार? असो. डंकन नावाचा एक लालबुंद, धिप्पाड गडी ती चालवायचा, आणि चालवता चालवता माइकवर माहितीही सांगायचा. रस्ता आपल्या सप्तशृंगी गडाच्या जुन्या घाटापेक्षा अरुंद. समोरून गाडी आली की एकाने कडेला थांबायचं, दुसऱ्याने जायचं, आणि जाताना हात वर करून आभार मानायचे. आपल्या द्वारका चौकात असे आभार मानायला लागलो तर लोक दवाखान्यात नेतील.

दशमीला सकाळी उत्तराबाईंनी हॉटेलच्या मालकिणीला पटवून स्वयंपाकघरात भात आणि खीर केली. केळीचं पान कुठलं? कोबीचं घेतलं. त्यावर भात, तूप, तीळ, वर खीर असा घास बाहेरच्या दगडी भिंतीवर ठेवला आणि हात जोडले. डोळे उघडायच्या आत वरून एक पांढराशुभ्र समुद्रपक्षी आला. आकाराने बदक, वागणुकीने बाजारातला वळू. त्याने घास नेला, वर पानही नेलं.

"शिवला की पक्षी. चला, नाश्ता करू," पंत म्हणाले.

"तो कावळा होता?"

"तिकडून कोणी पाठवला असेल. बदली कामगार."

उत्तराबाईंनी फक्त बघितलं. कावळा शिवेपर्यंत त्या पाणीसुद्धा घेणार नव्हत्या. उरलेला भात डब्यात भरून त्या बसमध्ये जाऊन बसल्या. बायको उपाशी असताना पंतांना काही खाता येईना. हॉटेलातला भाजलेला पाव, मुरंबा, लोणी, सगळं डोळ्यांसमोर टेबलावर तसंच राहिलं.

दीपगृहापाशी बस थांबली. घास ठेवला, पांढऱ्याने नेला. वाळूच्या किनाऱ्यावर ठेवला, पांढऱ्याने नेला. एका पडक्या किल्ल्याच्या तटावर ठेवला तर तिथे दोन पांढरे आपसात मारामारी करून घेऊन गेले. कावळा औषधालाही नाही.

शेजारच्या सीटवर मार्गारेटबाई म्हणून एक कृश म्हातारी होती. तिने हळूच पंतांना विचारलं, "तुमच्या मिसेसना बरं नाही का? सकाळपासून काही खाल्लं नाही."

पंतांनी हेडक्लार्कच्या इंग्रजीत खुलासा केला, "हर फादर इज कमिंग. फॉर लंच."

"कुठून येणार आहेत?"

"ही इज डेड, मॅडम."

पंतांनी घाम पुसला आणि पुढचं सांगून टाकलं, की ते कावळ्याच्या रूपाने येतात, त्यांनी जेवल्याशिवाय हिला जेवता येत नाही, आणि हे पांढरे पक्षी सगळं खाऊन टाकतात.

पंतांना वाटलं, आता ही हसणार. पण त्या म्हातारीचे डोळे भरून आले. "माझा जॉर्ज लाल छातीचा चिमणा पक्षी होऊन येतो," ती म्हणाली. "दर हिवाळ्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी मुलांना सांगत नाही, ती मला डॉक्टरकडे नेतील." आणि ती उठली, दांडे धरत धरत पुढे गेली आणि डंकनच्या कानात काहीतरी बोलली.

माइक खरखरला. "लेडीज अँड जंटलमेन, आपल्यातल्या एका बाईंच्या वडिलांना जेवायला उशीर होतो आहे. कृपया सर्वांनी कावळा शोधावा."

मंडळी, त्यानंतर त्या बसने स्कॉटलंड पाहिलंच नाही. डावीकडे समुद्रात डॉल्फिन उड्या मारत होते, कोणी मान वळवली नाही. उजवीकडे धबधबा गेला. सगळे तारांची कुंपणं आणि मेंढरांच्या पाठी तपासत होते. "तिकडे काळं!" "छे, ती पिशवी!" मागचा एक निवृत्त पोस्टमन दुर्बीण लावून बसला. डंकन म्हणाला, किनाऱ्यावर कावळा मिळायचा नाही, वर पठारावर जायला हवं, पण मग कार्यक्रमातला राजवाडा हुकेल. बसने एकमताने राजवाडा सोडला.

"राजवाडा मला बघायचा होता," पंत मध्येच म्हणाले.

पठारावर पाऊस, वारा, मेंढरं आणि एक दगडी कुंपण. आणि कुंपणावर कावळा! डोकं काळं, पंख काळे, अंगात राखाडी जाकीट. उत्तराबाईंनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडच्यांचीही मान राखाडीच असते. चालेल." डब्यात एकच घास उरला होता. तो त्यांनी कोबीच्या पानावर घालून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. सगळी बस खाली उतरून श्वास रोखून उभी राहिली.

कावळ्याने घास पाहिला. पंतांना पाहिलं. आणि पंख मिटून तसाच बसून राहिला.

"अप्पांची काहीतरी इच्छा राहिली आहे," उत्तराबाई शांतपणे म्हणाल्या. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

पंतांनी मार्गारेटबाईला पद्धत समजावली आणि तिने इतरांना. झालं! गोऱ्या लोकांना रांग लावायला निमित्तच लागतं. पहिली मार्गारेटबाई. ती कावळ्याला म्हणाली, "मी बहिणीला फोन करीन. चूक तिचीच आहे, पण करीन." पोस्टमन म्हणाला, शेजाऱ्याची शिडी परत देईन. डंकनने टोपी काढून, मुलीच्या लग्नाला जाईन, तिने कोणाशीही केलं तरी, असं सांगितलं आणि नाक शिंकरलं. कावळा सगळ्यांचं ऐकून घेत होता. हलत मात्र नव्हता.

"अहो, तुम्ही बोला," उत्तराबाई म्हणाल्या.

पंत पुढे झाले. बूट चिखलात, चष्म्यावर पाणी, पोटात सकाळपासून काही नाही. "अप्पा, लाल भोपळ्याची भाजी कुरकुर न करता खाईन." कावळा ढिम्म. "तुमची स्कूटर दुरुस्त करून घेतो." ढिम्म. "तंबाखू सोडतो. म्हणजे, कमी करतो."

"काय म्हणाले ते?" पोस्टमनने विचारलं.

"अजून मुद्द्यावर आले नाहीत," मार्गारेटबाई म्हणाली. तिला मराठी येत नव्हतं, पण लग्न झालेलं होतं.

पंतांनी मागे पाहिलं. उत्तराबाई तशाच उभ्या होत्या. पदर भिजून अंगाला चिकटलेला, ओठ निळे पडलेले, हातात रिकामा डबा. रागावलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. फक्त बापाचा घास जातो की राहतो, ते बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. पंतांना तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे.

"नाही, मला काय वाटलं ते मी सांगतो," गंगाधरपंत लाडू खाली ठेवून म्हणाले. "मला वाटलं, ही सबंध बस ज्या बाईसाठी पावसात उभी राहिली, तिच्यासाठी मी नाशकात उभा राहिलो नाही."

ऐकलंत? असं आहे. तर पंतांनी हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "अप्पा, उत्तरा तुमचे यजमान सांभाळेल. मी आडवा येणार नाही. पिशवी धरायला बरोबर जाईन." ते डोळे मिटून बोलताहेत म्हटल्यावर, ही प्रार्थना आहे हे सगळ्यांना कळलं. डंकनने मान खाली घातली, डोळे मिटले. पोस्टमनने, मार्गारेटबाईने, सगळ्यांनी मिटले, चर्चमध्ये मिटतात तसे. आणि त्या क्षणी तो कावळा, मंडळी, टुण टुण टुण अशा तीन उड्या मारत कुंपणावरून आला, मान तिरकी केली, पान जराही न हलवता अलगद, अप्पा तुपाची धार घ्यायचे त्या अदबीने, अख्खा घास उचलला, उत्तराबाईंकडे पाहून एकदा काव म्हणाला आणि समुद्राच्या दिशेने उडून गेला! सगळ्यांनी डोळे उघडले तर पान रिकामं, कुंपण रिकामं. असल्या टाळ्या वाजल्या की मेंढरं उधळली. आणि कुसाबाई, अशी ही बाई भटजी—

"थांब रे भाऊ," कुसाबाई म्हणाल्या. "समदासना डोया मिटेल व्हतात ना?"

होते की. सगळ्यांचे.

"मंग कावळा शिवना, हाई देखं कोन्ही?"

मी पाण्याचा पेला शोधू लागलो. गंगाधरपंतांची मान सावकाश आतल्या खोलीच्या दाराकडे वळली. दारात उत्तराबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"उत्तरा, तू डोळे मिटले नव्हतेस?"

"मंत्र मी म्हणत होते. डोळे मिटले तर पानाकडे कोण बघणार?"

"मग कावळा?"

"तुम्ही तंबाखूवर होतात तेव्हाच उडून गेला तो. सगळे तुमच्याच तोंडाकडे बघत होते."

"आणि घास?"

"सकाळपासून उपाशी होते हो मी," उत्तराबाई म्हणाल्या. "अप्पांना ते बघवलं नसतं."

"अगं, पण मी वचन देऊन बसलो ना!"

"ते तुम्ही अप्पांना दिलंत, कावळ्याला नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.