हिरकणीबाईंचा वाहतूक पास

आशागडच्या गोविंदराव सावे यांच्या पत्नी हिरकणीबाई यांनी एके सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातले. माणसाच्या हातून असे होऊ शकते, म्हणून गोविंदरावांनी तो चहा निमूट पिऊन टाकला. पण काही दिवसांनी ते चिकूच्या वाडीतून घरी आले, तेव्हा बाईंनी विचारले, "कुणाकडे आलात?" लग्नाला बरीच वर्षे झाली की नवऱ्याला ओळख न देण्याचा प्रसंग पुष्कळ घरांत येतो, पण तो रागाने येतो. हिरकणीबाई रागावलेल्या नव्हत्या. पाहुण्याला द्यावे तसे त्यांनी पाण्याचे भांडे पुढे केले. गोविंदराव घाबरले.

डहाणूच्या डॉक्टर निधी यांनी बाईंचे रक्त आणि सावेंच्या विहिरीचे पाणी तपासायला पाठवले. दोन्हींत एकच गोष्ट निघाली. दुर्मिळ मृदा धातू, म्हणजे इंग्रजीतले रेअर अर्थ.

"काका, वाडीशेजारी काय आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"भावेशची शेड. जुने स्पीकर, मोटरी, कॉम्प्युटर फोडतात. लोहचुंबक दळतात. धूळ धुतली की पाणी ओहोळात, आणि ओहोळ आमच्या विहिरीला लागून."

"हे मेंदूत साठतं, काका. लिव्हरमध्ये, किडनीतही. आधी ती विहीर बंद करा आणि काकूंना वलसाडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. उशीर करू नका. आणि तुमचंही रक्त तपासू."

गोविंदराव बरं म्हणाले आणि स्वतःच्या रक्ताचे विसरून गेले.

भावेशला जाब विचारला, तर तो हात जोडून म्हणाला, "काका, मी तर फक्त फोडतो. माल लोकांच्या घरचा छे." म्हणून गोविंदराव सरकारदरबारी गेले. मृदा हा शब्द वाचून त्यांना आधी मातीच्या खात्याकडे पाठवण्यात आले. तिथल्या साहेबांनी हिरकणीबाईंचा सातबारा मागितला. बाईंच्या नावावर जमीन नाही हे कळल्यावर, बाईंमध्ये मृदा असूच शकत नाही, असा निर्वाळा मिळाला. उरला दुर्मिळ हा शब्द. तो ज्यांच्याकडे जातो, त्या दुर्मिळ संपदा कक्षाचे प्रमुख श्यामकांत हे होते. ते शब्दाला शब्दासारखे वागवणारे अधिकारी होते.

"दुर्मिळ म्हणजे सहज मिळत नाही ते," श्यामकांत म्हणाले. "तुमच्या विहिरीत मिळालं. आता दोनच शक्यता. ते दुर्मिळ नसेल, तर तुमची तक्रार खोटी. दुर्मिळ असेल, तर देश जे परदेशातून मागवतो, ते तुमच्या मिसेस परवान्याशिवाय पीत होत्या."

"साहेब, तिनं काय मुद्दाम केलंय?"

"वाळूवालेही तेच सांगतात."

लगेच पंचनामा झाला. हिरकणीबाईंचा उल्लेख त्यात 'साठा' असा होता. साठा जप्त करून कचेरीत ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तो सुपूर्दनाम्यावर गोविंदरावांच्याच ताब्यात देण्यात आला. अट एकच होती. साठा आहे त्या स्थितीत जपावा, त्यात घट आल्यास ताबेदार जबाबदार. औषधोपचार म्हणजे घट, हे श्यामकांतांनी खुलासेवार समजावून सांगितले. विहीर हा पुरावा असल्याने ती बंद करता येणार नव्हती. भावेशच्या शेडचा मात्र कक्षाने सत्कार केला, कारण मृदेतून काढलेले धातू मृदेला परत करणारा तालुक्यातला तो एकमेव उद्योग होता. सत्काराला चिकू सावेंच्याच वाडीतले होते. पाहुण्यांनी ते गोड असल्याचे सांगितले.

बायको डोळ्यांदेखत हातची जात होती. गोविंदरावांनी उभ्या जन्मात कायदा मोडला नव्हता, पण एके सकाळी त्यांनी जीप ठरवली, साठ्याला मागे उशी देऊन बसवले आणि वलसाडची वाट धरली. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या ढाब्यांपाशी कक्षाचे फिरते पथक उभे होते. साहेब स्वतः हजर होते.

"खनिज राज्याबाहेर चाललंय. वाहतूक पास?"

"साहेब, माणूस आहे ती."

"माणसाला कोण अडवतंय? माणूस खुशाल जाऊ दे. खनिज इथे उतरवा."

उतरवणे शक्य नाही, यावर एकमत व्हायला बराच वेळ गेला. मग वजन करायचे ठरले. बाईंना वजनकाट्यावर उभे केले. शिपायाने आकडा वाचला आणि पेन उघडून विचारले, "बाई रिकाम्या होत्या तेव्हाचं वजन किती? ते वजा केल्याशिवाय माल कळणार नाही."

गोविंदरावांना रडू आले. भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर, ते रडले.

हिरकणीबाईंना यातले काही कळत नव्हते. समोर एक गृहस्थ उन्हात घामाघूम उभा आहे, एवढे त्यांना दिसले. घरातून निघताना त्यांनी सवयीने विहिरीच्या पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली होती. ती विहीर वापरायची नाही, हेही त्या विसरल्या होत्या. त्यांनी बाटली त्याच्यापुढे केली.

"दमलात भाऊ. पाणी घ्या."

श्यामकांतांनी बाटली तोंडाला लावली. गोविंदराव ओरडून धावेपर्यंत ती अर्धी झाली होती.

"साहेब, ते आमच्या विहिरीचं होतं."

श्यामकांतांचा चेहरा उतरला. शिपायाने मात्र नियमाप्रमाणे नवा पंचनाम्याचा कागद काढला आणि अदबीने विचारले, "साहेब, आपण पाणी प्यायच्या आधी आपलं वजन किती होतं?"

जीप पुढच्या क्षणी सोडण्यात आली. डॉक्टर निधींचा पत्ता श्यामकांतांनी जीपच्या खिडकीतून विचारून घेतला.

वलसाडला बाईंचे पाणी बदलले, उपचार सुरू झाले. सगळे परत येईल असे कुणी सांगितले नाही. पण एका दुपारी त्या गोविंदरावांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी चहात मीठ पडलं होतं ना माझ्याकडून? मग बोलला का नाहीत ओ?" गोविंदराव दुसऱ्यांदा रडले, या वेळी हॉस्पिटलात.

प्रकरण निकाली काढायचे म्हणून कक्षाने शेवटी मूळ मालकाचा शोध घेतला. जाहीर सूचना निघाली: 'आशागड येथील एका महिलेच्या मेंदूत व इतर अवयवांत कुणाच्या तरी टाकून दिलेल्या स्पीकरचा, मिक्सरचा व मोबाइलचा अंश आढळला आहे. ज्याचा असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावा.' सूचना सगळीकडे फिरली. नव्या मोबाइलवर ती फार स्वच्छ दिसत होती. माल न्यायला कुणीही आले नाही.

तुमच्याकडेही ती सूचना आली होती. दारावर आलेल्या भांडीवालीला जुना मोबाइल देऊन तुम्ही चाळणी घेतली होती, त्याच सुमारास. आठवत नाही? मग चहा जरा चाखून बघा.