आकाशपाळण्याचं अंदाजपत्रक

ठरलं होतं ते एवढंच, की पोरांना अमरावतीच्या प्रदर्शनात न्यायचं आणि कौशल्येला आकाशपाळण्यात बसवायचं. यात सासऱ्यांना कळवण्याचं काहीएक कारण नव्हतं. ती कल्पना माझ्या डोक्यातून निघाली, आणि माझ्या डोक्यातून निघालेल्या कल्पनांचं पुढे काय होतं ते आमच्या घरात चार वर्षांच्या देवीदासलासुद्धा ठाऊक आहे.

एकसष्ट साल. हिवाळ्याचे दिवस. अमरावतीला मोठं शेतकी प्रदर्शन भरलं होतं. अकोल्याहून जो जाऊन यायचा तो शेतीबद्दल अवाक्षर काढायचा नाही, नुसता पाळण्याबद्दल बोलायचा. इंजिनावर फिरतो, रात्री दिवे लागतात, वरून पार बडनेऱ्याचं स्टेशन दिसतं म्हणे! शेजारची जमुना त्यात बसून आली होती, आणि तेव्हापासून ती आमच्या कौशल्येशी जरा वरूनच बोलायची. एके दिवशी कौशल्या माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, मले बी बसाचं हाये पाळण्यात."

"बसवतो न माय," मी म्हणालो. "बापाचा शब्द हाये."

शब्द द्यायला पैसे पडत नाहीत. पुढच्या सगळ्याला पडतात. मी एका सरकारी कचेरीत अंदाजपत्रकाच्या टेबलावर कारकून. दिवसभर लाखांचे आकडे लिहायचे आणि पाच वाजता चहासाठी कोणाकडे सुटे आहेत ते पाहायचं. (बहुधा नसतात. मग चहा घरी.) त्या संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सहलीचं अंदाजपत्रक मांडलं. रेल्वे, टांगा, प्रदर्शनाचं तिकीट, पाळणा, जेवण, दोन वेळचा चहा, आणि देवीदास रडला तर जिलेबी. बेरीज केली आणि डोळ्यांपुढे पाळणा फिरला, तिकीट न काढता.

मग काटछाट सुरू केली. टांगा आणि जेवण ही दोन कलमं फार जड होती. तेवढ्यात वलगाव आठवलं! शकुनचं, म्हणजे माझ्या बायकोचं माहेर वलगावचं, अमरावतीच्या अगदी जवळ. तिचे वडील केशवराव, म्हणजे माझे मामाजी, तिथले माळी. भाजीपाल्याचा मोठा मळा. आणि आमच्या वऱ्हाडात रीतच अशी, की सासुरवाडीला जावयानं खिशात हात घालायचा नाही. जावयानं पानाचे पैसे दिले, तरी सासऱ्याची मान खाली जाते. या रीतीवर मी पेन्सिलीनं दोन मोठी कलमं उडवली.

"मामाजींना एक कार्ड टाकतो," मी म्हणालो.

"काहून?" शकुननं तव्यावरची भाकर उलटली.

"काहून म्हंजे? आपण अमरावतीले जाऊन राहिलो, त्याईले कळवा नाई लागत?"

"काहो, तुमी पोरीले पाळण्यात बसवाले चाल्ले का बाबाच्या घरी जेवाले?"

"दोन्ही होते न एका खेपेत."

"पाहा बाप्पा. बाबाचा सोभाव तुमाले मालूम नाई."

लग्नाला आठ वर्षं झालेली, आणि म्हणे स्वभाव मालूम नाही! मामाजींचा हात सढळ, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. माझं सगळं अंदाजपत्रक त्यांच्या स्वभावावरच तर उभं होतं.

रविवारी अमरावतीच्या स्टेशनावर उतरलो तर मामाजी दमणी जुंपून हजर. पांढरा फेटा, बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू. टांग्याचं कलम वाचलं. प्रदर्शनाच्या दारात तिकिटांची रांग होती. मी उगाच, रीत म्हणून, खिशात हात घातला.

"जवाईबापू! हात काढा खिशातून!"

अख्खी रांग मागे वळली. मी हात काढला. (त्या खिशात नुसता रुमाल होता, पैसे दुसऱ्या खिशात, हे त्यांना माहीत नव्हतं.) तिकिटं मामाजींनी काढली. आत गेल्या गेल्या उजव्या हाताला पाळणा होता. कौशल्या जागच्या जागी थांबली आणि मान वर करून पाहत राहिली.

"आता पयले गोबी," मामाजी म्हणाले.

तेव्हा कळलं. भाजीच्या स्पर्धेत मामाजींची फुलगोबी मांडली होती. त्या साली त्यांच्या मळ्यात एक गोबी अशी काही उठली होती, की सगळं वलगाव बांधावर येऊन पाहून गेलं. गोबी खरंच अफाट होती. पण टेबलावर ठेवलेल्या गोबीचा आकार लोकांच्या ध्यानात येत नव्हता. मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं, देवीदासला उचललं आणि गोबीच्या शेजारी बसवलं.

"पाहा! पोराच्या डोक्याच्या दुप्पट हाये का नाई?"

लोक जमले. देवीदासचं डोकं आणि गोबी, दोन्हीला हात लावून पाहू लागले. देवीदास खूश झाला. झालं! त्याला तिथून हलवायची सोय उरली नाही. तो उठला की मागे नुसती गोबी उरायची. कौशल्येला ओलं फडकं दिलं, गोबीवर पाणी शिंपडायला. ती बिचारी पाणी शिंपडायची आणि मान मागे वळवून पाळण्याकडे पाहायची. त्यातलं निम्मं पाणी देवीदासवर पडलं.

"आबाजी, पाळणा?"

"जाऊ वं माय, जाऊ. सायेब लोकाईले येऊन जाऊ दे."

साहेब लोक दुपारी आले, गोबीकडे पाहिलं, देवीदासकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि गेले. माझा धीर सुटला.

"मामाजी, मी पोरीले पाळण्यात बसवून आणतो."

"तुमी? पैसे देऊन?"

"हो."

"मंग मी मेलो का?" मामाजींचा आवाज चढला. "वलगावात समजलं का जवायानं सोताच्या पैशानं पोरीले पाळण्यात बसवलं, त मी तोंड कुठी दाखवू?"

"बरं, मंग तुमी बसवा."

"बसवतो न! पण पयले जेवण. मामीनं रोडगे केले. उपाशी पोटी पोरगी वर गेली न चक्कर आली त?"

ज्याचा पैसा त्याची मंजुरी, हे मी कचेरीत रोज लिहितो. दमणीत बसून सगळे वलगावला गेलो. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण केलं होतं. रोडग्यावर इतकं तूप ओतलं, की खाऊन मला तिथेच झोप लागली. (झोपेचं कलम अंदाजपत्रकात नव्हतं.) उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि गाडीची वेळ झाली होती.

स्टेशनाकडे जाताना दमणी प्रदर्शनाच्या मैदानावरून गेली. पाळण्याचे दिवे लागले होते. कौशल्या दमणीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसली आणि पाळणा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "आपला नंबर गेला का?"

लेकरानं काय मागितलं होतं हो? एक चक्कर. आणि तिच्या बापानं दिलेला शब्द तीन रोडग्यांपायी विकला होता. मला माझीच लाज वाटली. मी तिला मांडीवर घेतलं.

गाडी सुटताना मामाजींनी डब्यात एक पोतं चढवलं. गोबीचं. खिडकीशी उभं राहून ते पुढच्या रविवाराबद्दल काहीतरी सांगत होते. मी ऐकतच नव्हतो. रविवार शब्द कानावर आला तसा घाईघाईनं म्हणालो, "रविवारी नाई जमत मामाजी. कचेरीत लय काम हाये. मान वर कराले फुरसत नाई."

बडनेऱ्याला गाडी बदलताना तिकीट तपासनिसानं पोत्याला बुटाचं टोक लावलं आणि वजन विचारलं. पाळण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे गोबीच्या भाड्यात गेले. पुढे आठवडाभर घरात गोबी. गोबीची भाजी, गोबीचं भरीत, वरणात गोबी. कौशल्येनं तिला तोंड लावलं नाही. तक्रारही केली नाही. शुक्रवारी मी ओसरीवर दाढी करत होतो, तेव्हा अंगणात जमुनेनं तिला विचारलं, "बसली का वं पाळण्यात?"

"पुढच्या खेपी बसणार हाओ," कौशल्या म्हणाली. "माह्या बाबानं शब्द देल्ला."

वस्तरा गालावर तसाच थांबला. पोरीचा अजून विश्वास होता, हो!

तिथल्या तिथे ठरवलं. या रविवारी जायचं. अंदाजपत्रक नाही, काटछाट नाही, आणि वलगावला कार्ड तर मुळीच नाही. मी शकुनला सांगितलं.

"मी अमरावतीले येऊन बाबाले न भेटता वापस येऊ? माह्यानं नाई होत," ती म्हणाली. "तुमीच न्या पोराईले. आन बाबा भेटले त सांगजा, शकुन बरी हाये."

"भेटतीन कशाले?"

"मी काई म्हणून राहिली का?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या चेहऱ्यावर कसलंसं हसू होतं. पण मी पैसे मोजत होतो.

रविवारी स्टेशनावरून तडक मैदानात. इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. स्वतःच्या खिशात हात घातला, स्वतःचे पैसे काढले, पाळण्याची तिकिटं घेतली. एका बाजूला कौशल्या, मांडीवर देवीदास. पाळणेवाल्यानं समोरचा दांडा लावला आणि आम्ही वर निघालो. कौशल्येनं माझा हात घट्ट धरला. अगदी वर गेल्यावर तिनं डोळे उघडले, खाली पाहिलं आणि खदखदून हसली. आठ दिवसांत ती तशी हसली नव्हती. मला भरून आलं. वाटलं, बस! आणखी काय पाह्यजे माणसाला?

"बाबा, आबाजी!"

"आबाजी वलगावले हायेत, बाई."

"नाई, थे पाहा. खाली."

खाली पाहिलं. पाळण्याच्या पायथ्याशी मामाजी उभे. गळ्यात झेंडूचा हार, बगलेत ती गोबी. स्पर्धेचा निकाल त्या रविवारी होता. पहिला नंबर मामाजींचा आला होता. गाडीच्या खिडकीशी उभं राहून ते मला हेच सांगत होते.

पाळणा खाली आला.

"काहो जवाईबापू, कचेरी इकडे आली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर वर गेलो. आकाशात एक बरं उत्तर सुचलं. ते घेऊन खाली आलो.

"कार्ड नाई, काई नाई!"

पुन्हा वर. सुचलेलं उत्तर निकामी झालं. दुसरं जुळवत खाली आलो.

"आन वरतून पैसे बी तुमीच देल्ले?"

हा खरा घाव होता. मी हात जोडले. जोडलेले हात तसेच वर गेले. पुढच्या फेरीला मामाजी जागेवर नव्हते. पाळणेवाल्याजवळ जाऊन कमरेची थैली सोडत होते.

"हे घ्या. माहा जवाई हाये. त्याचं मन भरेपर्यंत फिरवा."

"मामाजी, भरलं! भरलं मन!"

"लाजू नका! बसा! सासरा जित्ता हाये अजून!"

राग होता की माया, मला कळेना. चेहरा नीट पाहावा तर तोवर मी वर. एकदा पाळणा थांबला. मी उठायला गेलो, तर मामाजींनी देवीदासला काढून घेतलं ("लोकं गोबी पाहून राहिले, पोरगं लागते"), दांडा आपल्या हातानं परत लावला आणि पाळणेवाल्याला म्हणाले, "हं, हाकला!"

त्यानंतर किती फेऱ्या झाल्या ते सांगता येत नाही. आकाश, मैदान, हार, गोबी, पुन्हा आकाश. सकाळचा चहा कुठल्या फेरीत गेला तेही आठवत नाही. ज्यांच्या अंगावर गेला त्यांना आठवत असेल. शेजारी कौशल्या मात्र दर खेपेला नवीन काहीतरी दाखवत होती. बडनेरा दिसलं म्हणाली. माझे डोळे मिटलेले होते.

अखेर पाळणेवाल्यालाच दया आली. उतरलो, तरी जमीन फिरतच होती. वाटलं, आधी मामाजींची माफी मागावी. फेटा दिसला असं वाटलं त्या दिशेला वाकून पाय धरले. पायात तेलकट बूट होते. पाळणेवाला मागे सरकला आणि म्हणाला, "राहू द्या सायेब, पैसे भेटले." मामाजींनी मला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. चेहरा आता जागेवर होता. ते हसत होते.

"चला आता घरी. मामीनं रोडगे केले. आन या गोबीची भाजी."

मी तोंडावर रुमाल धरून तंबूचा खांब कवटाळला. कौशल्या माझ्याजवळ आली. आबाजींना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं माझी बाही ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली,

"बाबा, पुढच्या साली बी आबाजीले सांगू नका हं. न सांगतलं का लय चकरा भेटतात, आन पैसे बी नाई लागत."