कर्नाळ्याच्या महाराणीवरील स्वारी

सकल श्रोतेजनांस विदित व्हावे जे, पनवेल प्रांती सरीसृप संशोधनाची एक संस्था असून तिचे उपसंचालक राजश्री दिनानाथराव हे संचालकपदाच्या गादीकरिता गुडघ्यास बाशिंग बांधून बसले होते. गादी रिकामी, उमेदवार पुष्कळ, आणि अध्यक्षसाहेब पराक्रम पाहिल्याविना कोणास जवळ करीनात. मग रावांनी कर्नाळ्याच्या पायथ्याशी अजगराची एक थोर मादी धरविली, तीस महाराणी किताब दिला, आणि तिच्या अंगी रेडिओ टॅग बसवून ती कोठे जाते याची खबर राखावी ऐसी मसलत केली.

ते समयी, धरताना महाराणीच्या डोक्यास झालेली जखम शिवून, पशुवैद्य चंद्रावतीबाईंनी अर्ज केला की टॅग शस्त्रक्रिया करून कातडीखाली बसवावा, वरून चिकटविलेला टिकत नाही. रावांनी नाक मुरडिले. कातडीखालचा टॅग फोटोत कैसा दिसावा? मग हुकूम सुटला की टॅग शेपटाकडे वरूनच चिकटवावा आणि खाशांची छबी वर्तमानपत्री द्यावी. छबी उत्तम आली. तीत अजगरापेक्षा रावच अधिक फुगलेले होते.

मग महाराणी रानात सुटली, आणि अंकुश नामे सहायक अँटेना निशाणासारखी उंच धरून रोज हिंडे, आणि यंत्राची टकटक ऐकून तिचे ठिकाण कळवी. आरंभी ती बहुत फिरली, मग करवंदीच्या एका जाळीत जी थांबली ती हालेचना. अंकुश म्हणे जवळ जाऊन बघतो. रावांनी त्यास झापिले, आणि फर्मान काढिले की महाराणी अंडी उबवीत आहे, जाळीकडे फिरकेल त्याची नोकरी जाईल. वाहवा रे शहाणपण! नुसती टकटक ऐकून बाळंतपण ठरविणारी सुईण पृथ्वीवर हीच एक. आणि कोणी न पाहिलेल्या त्या अंड्यांचे वर्तमान देऊन रावांनी अध्यक्षसाहेबांस आमंत्रण धाडिले.

नेमल्या दिवशी फौज निघाली. न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांनी महामार्ग रोखिला होता, तो वेढा फोडून कॅमेरे, छत्र्या आणि अध्यक्षसाहेब जाळीपाशी पोहोचले. मग राव जातीने रांगत आत शिरले, काटे खाल्ले, हात घातला, तो हाती लांबलचक कात आली आणि तीस टॅग चिकटलेला. अंडे एकही नाही. रावांची पाचावर धारण बसली. गादी डोळ्यांदेखत चालली. बाईंचे ऐकिले असते तर, ऐसे क्षणभर मनात आले, तो विचार त्यांनी हाकलून लाविला, आणि कात दोन्ही हातांनी उंच धरून जाहीर केले की टॅगासह अखंड कात हस्तगत होणे ही दुर्मिळ फत्ते होय. अध्यक्षसाहेबांस ऊन लागत होते आणि भूकही लागली होती. त्यांनी टाळी वाजविली, मग सर्वांनी वाजविली.

परतताना पायवाटेवर एक भला थोरला अजगर नव्या कातडीने लखलखत उन्हात आडवा पडला होता. चंद्रावतीबाई त्याचे डोके पाहून थबकल्या.

"सर, हीच आपली महाराणी. या जखमेला मीच टाके घातले होते. आत्ताच धरू या, या वेळी टॅग आत बसवते."

रावांनी अध्यक्षांकडे पाहिले आणि कात बगलेत घट्ट आवळली.

"हिला टॅग कुठाय? आपली नाही ही. अंकुश, हाकल तिला."

अंकुशाने पाय आपटिले. "जा बाय," तो हळूच म्हणाला, "हितं तुला कोन वळखीत नाय." ती सावकाश, कोणाची भीड न धरिता रानात गेली, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

येणेप्रमाणे कर्नाळ्याची मोहीम फत्ते होऊन दिनानाथराव गादीवर बसले. कात काचेच्या पेटीत त्यांच्या खुर्चीमागे लाविली असून टॅगाची बॅटरी अद्याप जिवंत आहे. मोहीम जारी ठेवावी ऐसा संचालकांचा हुकूम असल्याकारणे अंकुश रोज सकाळी अँटेना घेऊन त्यांच्या दाराबाहेर उभा राहतो, टकटक ऐकतो, आणि महाराणी जागची हालली नाही ऐसे कळवितो.