घेर काही जमेना

नवऱ्याच्या, म्हणजे प्रशिकच्या, वाढदिवसाला आपण स्वतः विणलेलं स्वेटर द्यायचं, असं दामिनीनं ठरवलं आणि लगेच ऑफिसभर सांगूनही टाकलं. आजवर तिनं सुईत दोरासुद्धा सासूकडूनच ओवून घेतला होता. पण जरीपटक्याच्या बाजारातून निळी लोकर आली आणि मोबाईलवर विणकामाचे व्हिडिओ सुरू झाले.

तिच्या सासूबाई, सिंधूताई, यांनी अख्ख्या नात्यागोत्याला स्वेटरं घातली होती.

"मी दाखवू का वं?" त्यांनी विचारलं.

"नको आई, यात सगळं दाखवतात."

सिंधूताई गप्प बसल्या, म्हणजे शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"दर ओळीले टाका जास्तीचा घेऊन राहिली तू."

"आता अशीच पद्धत आहे, आई."

गळ्यापासून सुरू झालेलं स्वेटर खाली उतरेल तसं पसरत गेलं. नवरा उंच आहे, या हिशेबानं दामिनी थांबायचं नावच घेईना. विणून पूर्ण झाल्यावर तिनं ते धुतलं आणि ओलंगच्च दोरीवर लटकवलं. संध्याकाळपर्यंत ते आणखी वीतभर खाली आलं.

वाढदिवशी प्रशिकनं ते घातलं. खालचा काठ त्याच्या गुडघ्यांपाशी झुलत होता.

"छान आहे," तो म्हणाला. "आई, तू बी ये ना आत. जागा आहे."

दामिनी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

मग एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. दामिनीचं रोजचं स्वेटर भिजत घातलेलं होतं. तिनं नाइलाजानं ते निळं प्रकरणच अंगात चढवलं, कमरेला पट्टा आवळला आणि मान खाली घालून रामदासपेठेतलं ऑफिस गाठलं. शेजारच्या टेबलावरच्या दीपमालानं तिला उभी करून गोल फिरवलं.

"कुठून घेतला वं हा ड्रेस? काय घेर आहे!"

"घरीच विणला," दामिनी म्हणाली. आणि चार जणी वळून पाहताहेत म्हटल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "माझंच डिझाइन आहे."

दुसऱ्याच दिवशी दीपमालानं गुलाबी लोकर आणून दिली. बहिणीच्या साखरपुड्यात तिला अगदी असाच ड्रेस हवा होता.

दामिनीनं जीव ओतून विणायला घेतलं आणि झालं काय, तर एक सरळ, नेटकं स्वेटर. तिनं ते उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा नेटकं. निळ्यावर गिरवून गिरवून हाताला वळण लागलं होतं. मुद्दाम टाका वाढवला तर तिथं नुसती गाठ दिसायची, घेर काही येईना. साखरपुडा जवळ आला आणि दामिनीला जेवण जाईना.

शेवटी ती सासूजवळ जाऊन बसली. "आई, मी कुठं कुठं चुकली होती, ते सांगा ना."

एवढी गोड विनंती सिंधूताईंना आयुष्यात कुणी केली नव्हती. त्यांनी एकेक चूक आठवून सांगितली, मग चष्मा लावून करून दाखवायला बसल्या. पण त्यांचीही बोटं ऐकेनात. वीतभर विणून झालं, तेही रेघेसारखं सरळ.

"माह्याच्यानं नाही होत," त्यांनी सुया खाली ठेवल्या. "चुकायची सवयच नाही राहिली."

दोघी विचारात पडल्या. तेवढ्यात प्रशिक कामावरून आला. घरातल्या बायका आपल्याकडे अशा का बघताहेत, ते त्याला कळेना.

"तुम्ही कधी विणलं आहे का हो?" दामिनीनं विचारलं.

"मी? मले त्यातलं काहीच येत नाही."

"मग बसा इथं."

सुया कशा धरायच्या, एवढंच त्याला सांगितलं. तो कपाळाला आठ्या घालून विणत राहिला. शेजारी दामिनीच्या मोबाईलवर विणकामाचा व्हिडिओ चालूच होता. काही ओळी झाल्यावर सिंधूताईंनी वाकून पाहिलं. काठ कसा डौलात पसरत चालला होता.

"बंद कर वं तो मोबाईल," त्या सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "पाहील तं शिकून जाईल."