जहाजावरचं नेट आणि एलिफचं भाषण

“जहाज काय आणि घर काय! नेट असलं की माणूस कुठूनही जेवणाच्या टेबलावर हजर!” असं एलिफ नेसेट छातीठोकपणे म्हणाला आणि तिथेच माशी शिंकली.

छाती ठोकायचं कारण एवढंच, की त्याचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेलेला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या वादळवाऱ्यात खांबावर चढायचं आणि तुटलेल्या तारा जोडायच्या, हा त्याचा धंदा. निवृत्त झाल्यावरही गावात कुणाचा फोन नुसता खरखरला, तरी एलिफ न बोलावता दारात उभा. त्याच्यासमोर नेटचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती!

आता हा जहाजाचा घोळ कसा झाला ते ऐका. लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून बायकोला चकित करावं असं एलिफच्या मनात आलं. कुणालाही न विचारता त्याने उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या सफरीची तिकिटं काढली आणि कॉफीच्या कपाखाली सरकवून ठेवली. ओड्नीने तिकिटं बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

“एलिफ, त्या रविवारी सिन्नेचं कन्फर्मेशन आहे.”

सिन्ने म्हणजे एकुलती एक नात. पोर पंधराची झाली की चर्चमध्ये हा सोहळा होतो, आणि त्याचा थाट आपल्याकडच्या मुंजीच्या वरताण. चर्च उरकलं की जेवण, आणि जेवणात भाषणं. आजोबांचं भाषण झाल्याशिवाय केकला सुरी लागत नाही. एलिफने घाबरत घाबरत ट्रॉनहाइमला मुलीला, टोरुनला, फोन लावला. सगळं ऐकून टोरुन फक्त “बरं” म्हणाली.

उत्तर नॉर्वेत माणूस ओरडला तर समजावं, राग निवळला. “बरं” म्हणाला तर आपलं काही खरं नाही.

“अगं, पण भाषण मी करणारच!” एलिफ घाईघाईने म्हणाला. “जहाजावरून. पडद्यावर दिसेन. समोर बसल्यासारखा!”

“बाबा, नक्की ना? इकडे हाल्वार्डही भाषण करणार आहेत.”

हाल्वार्ड म्हणजे सिन्नेचे दुसरे आजोबा. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची भाषणं यमकात असतात आणि संपता संपत नाहीत. उलट एलिफ. एरवी तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण भाषणाला उभा राहिला की घशाला बूच! पहिल्या वाक्यानंतर जो थांबायचा तो थांबायचाच. स्वतःच्या लग्नात पाद्रीबुवांनी “हिचा स्वीकार करतोस का?” विचारलं, तेव्हा हा इतका वेळ गप्प राहिला की ऑर्गनवाल्याला वाटलं लग्न मोडलं. त्याने झाकण मिटून कोटसुद्धा चढवला होता.

पण या खेपेला एलिफने भाषण लिहिलं. पाठ केलं. सिन्ने जन्मली त्या दिवशी फिनमार्कमध्ये भयंकर वादळ होतं, सगळ्या लाइनी बंद. एलिफ खांबावर लोंबकळत तार जोडत होता. तार जोडली, तपासायला कानाला फोन लावला, आणि त्या लाइनवरून आलेला पहिलाच फोन टोरुनचा निघाला. “बाबा, मुलगी झाली!” एवढी वर्षं तारा ओढल्या त्या या एका फोनसाठी, असं भाषणाच्या शेवटी होतं. बंदरावर जाताना गाडीत त्याने ते म्हणून दाखवलं, तेव्हा ओड्नी खिडकीबाहेर तोंड करून बराच वेळ नाक पुसत होती.

जहाजावर चढल्या चढल्या एलिफने राग्नफ्रिडला गाठलं. ही हामरफेस्टची पोरगी जहाजावरची वीज आणि नेट सांभाळायची.

“नेट कसं आहे?”

“आहे, असं म्हणायला हरकत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पत्र टाकलंत तर आधी पोचेल!”

एलिफ हसला. राग्नफ्रिड हसली नाही.

“हे बघा, एलिफ. उपग्रह टांगलाय तिकडे विषुववृत्तावर. आणि आपण निघालोय पृथ्वीच्या टाळूवर. तिथून तो अगदी क्षितिजाला टेकलेला असतो. मध्ये डोंगर आला की नेट गेलं. त्यात आमची डिश धुराड्याच्या मागे. जहाजाचं नाक दक्षिणेला वळलं की धुराडंच आडवं येतं.”

“मग नाक उत्तरेलाच ठेवा!”

“ठेवू की! पण जसजसं उत्तरेला जावं, तसतसा उपग्रह आणखी खाली बुडतो.”

“अरे देवा! धुराड्याच्या मागे डिश लावायची अक्कल कुणी पाजळली?”

“टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते,” राग्नफ्रिड शांतपणे म्हणाली.

एलिफने विषय बदलला. चाचणी म्हणून त्याने टोरुनला निरोप पाठवला, ‘नेट झकास!’ तो काही जाईना. दुसऱ्या दिवशी वैतागून लिहिलं, ‘नेट बंद आहे, काळजी नको.’ हा मात्र तत्काळ गेला! आणि त्याच्या पाठोपाठ अडकून पडलेला ‘नेट झकास!’ एकदा नाही, सात वेळा गेला. टोरुनचं उत्तर आलं, ‘बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?’

शनिवारी एलिफ थेट कॅप्टनकडे गेला. कॅप्टन लोफोटेनचा, स्वतः चार नातवंडांचा आजोबा.

“कन्फर्मेशन? मग प्रश्नच मिटला!” तो म्हणाला. “उद्या चार वाजता फ्योर्डच्या तोंडाशी जहाजाचं नाक उत्तरेला धरून उभा राहतो. कुणी विचारलं तर सांगू, वॉलरस बघतोय.”

“आणि वॉलरस नसला तर?”

“नसला तर शोधतोय म्हणू!”

एवढं झालं. राहता राहिले ऐंशी उतारू. ऐंशी जणांचे ऐंशी फोन एकाच डिशला लुचत असताना एलिफच्या वाट्याला काय येणार? रात्रीच्या जेवणाला तो उभा राहिला, काट्याने ग्लासवर टिंग टिंग केलं, आणि म्हणाला, “मित्रांनो, उद्या दुग्नाद!”

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट करायचं काम. शाळेचं कुंपण रंगवायचं, धक्का झाडायचा, आणि शेवटी वॉफल आणि कॉफी. दुग्नादला नाही म्हणणारा माणूस नॉर्वेत अजून जन्मायचाय. इथे तर काम असं, की फोन बंद करून गप्प बसायचं! लोक खूश झाले. कुणीतरी वॉफलचं पीठ भिजवायची जबाबदारीही घेऊन टाकली.

रविवारी चार वाजले. जहाजाचं नाक उत्तरेला. सगळे उतारू जेवणघरात गोळा, फोन बंद, हाताची घडी. एलिफ ठेवणीतला सूट घालून लॅपटॉपसमोर उभा. त्याच्या मागे खिडकी, आणि खिडकीबाहेर वाऱ्यावर डुलणारा एक सीगल पक्षी. राग्नफ्रिडने अंगठा वर केला. आणि काय सांगू! टोरुनचं जेवणघर पडद्यावर असं लख्ख उमटलं, की कोपऱ्यातला न कापलेला केकसुद्धा दिसला! सिन्ने पारंपरिक पोशाखात, गळ्याशी चांदीची ब्रोच. हाल्वार्ड शेजारी, हातात कागदांची भलीमोठी चळत.

“आजोबा!” सिन्ने ओरडली.

एलिफने घसा साफ केला. बूच बसलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा बसलं नाही!

“लाडक्या सिन्ने,” तो म्हणाला, “तू जन्मलीस त्या दिवशी...”

नेमका त्याच क्षणी पश्चिमेकडून एक काळा ढग सरकत आला आणि जेवणघरात अंधारलं. मागच्या टेबलावर कुणीतरी पुटपुटलं, “बर्फ पडणार वाटतं.”

संपलं! नॉर्वेजियन माणसाला उपाशी ठेवा, एक वेळ चालेल. पण ढग दिसल्यावर फोनमध्ये हवामान बघू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणणं! ऐंशी हात गुपचूप टेबलाखाली गेले. ऐंशी फोन चालू झाले. हवामान तर शोधू लागलेच, पण तीन दिवसांचे तुंबलेले निरोप, फोटो आणि वॉलरसचे व्हिडिओ सगळे एकदम दाराशी आले. टेबलाखालून टिंग! टुंग! ट्यँव! चष्मा काढायला एलिफचा हात छातीवरच्या खिशाकडे गेलेला. तो आवाज ऐकून त्याने डोळे वर आभाळाकडे फिरवले, संतापाने डोळ्यांत पाणी आलं, आणि पडद्यावरची टोरुन, सिन्ने, केक, सगळी जिथल्या तिथे थिजली.

“हॅलो? सिन्ने? हॅलो!”

पडदा काळा.

“कोणी केला फोन चालू?” एलिफ गरजला. पहिल्या टेबलावरच्या आजीबाई दुखावल्या. “मी नाही हं! मी फक्त हवामान बघितलं.”

“मीही फक्त हवामान!”

“हवामान बघणं म्हणजे काय नेट वापरणं झालं?”

एकूण एक माणूस शपथेवर सांगू लागला. राग्नफ्रिडने छताकडे बघत सांगितलं, की तिनेही. वर कॅप्टननेही, पण त्याचं तर कामच ते! शेवटी एलिफ बायकोकडे वळला.

“ओड्नी, तू नाही ना?”

ओड्नी टेबलाच्या कापडाच्या सुरकुत्या काढत बसली. “मी इथलं नाही बघितलं,” ती म्हणाली. “ट्रॉनहाइमचं बघितलं. बागेत फोटो काढणार होते ना पोरीचे. ऊन आहे का, एवढंच...”

दुग्नाद संपलं म्हणून वॉफल वाटले गेले. एलिफने घेतला नाही. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

“आयुष्यात एकदा बोलता येत होतं गं मला,” तो म्हणाला. “एकदाच!” ओड्नीने त्याचे बूट काढले आणि शेजारी बसून राहिली.

सकाळी जहाजाने नांगर टाकला. योगायोगाने नाक उत्तरेला. न्याहारीच्या वेळी एलिफचा फोन वाजला. टोरुनचा निरोप! त्याने एक डोळा मिटून वाचायला घेतला.

‘बाबा, काय बोलू? असं भाषण आमच्या घरात आजवर झालं नाही. “तू जन्मलीस त्या दिवशी” म्हणालात, आणि पुढे तुम्हाला शब्दच फुटेना. छातीवर हात, डोळे वर, डोळ्यांत पाणी! आम्हाला तुमची सवय आहे ना, म्हणून कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. बटाटे गार झाले, पण सगळे बसून होते. आधी आत्याबाई रडल्या, मग सगळेच. शेवटी तुम्हाला सोसेना म्हणून तुम्ही बंद केलंत, तेव्हा सगळ्यांनी उभं राहून ग्लास उंचावले. हाल्वार्ड म्हणाले, यानंतर मी काय बोलणार? आणि कागद खिशात ठेवले! त्याबद्दल तर सगळ्यांनी वेगळे आभार मानलेत.’

एलिफने ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. उतारूंनी टाळ्या वाजवल्या, दुग्नाद कसं फत्ते झालं म्हणून एकमेकांची पाठ थोपटली, आणि वॉफलचा साचा पुन्हा तापायला लागला.

“बघितलंस?” एलिफ ओड्नीला म्हणाला. “भाषण गाजलं!”

“चाळीस वर्षं तेच सांगतेय,” ओड्नी म्हणाली. “गप्प असलास की तू फार छान बोलतोस.”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. सिन्ने होती.

‘आजोबा, तुम्ही अडकला होतात ना? मला लगेच कळलं. तुमच्या मागचा सीगल इतका वेळ पंख न हलवता हवेत उभा होता! पण आई इतकी रडत होती, आणि तुमच्यावरचा तिचा राग गेलेला दिसत होता, म्हणून मी गप्प बसले. तुम्हीही सांगू नका. फक्त मला एकटीला सांगा ना, मी जन्मले त्या दिवशी काय झालं होतं?’

एलिफला एकदम भरून आलं. या वेळी खरोखरचं. हात छातीवर गेला तो चष्म्यासाठी नव्हे. तो खिडकीशी जाऊन बसला आणि एका बोटाने टाइप करू लागला. वादळ, खांब, तार, पहिला फोन, सगळं. लिहून झाल्यावर पाठवायचं बटण दाबलं. छोटं वर्तुळ फिरायला लागलं.

“गेलं का?” ओड्नीने विचारलं.

“जातंय, जातंय.”

वर्तुळ फिरत होतं. बाहेर पुन्हा तो कालचा ढग डोकावला. एलिफने ढगाकडे बघितलं, मग ओड्नीचं लक्ष नाही असं बघून अंगठा हळूच बाजूला सरकवला. हवामान झटकन उघडलं. दुपारनंतर लख्ख ऊन! समाधानाने तो निरोपाकडे परत आला, तर तिथे लिहिलं होतं, ‘पाठवता आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

ओड्नी त्याच्याकडेच बघत होती.

“मी काही केलं नाही,” एलिफ म्हणाला. “मी फक्त हवामान बघितलं!”