नानांचा ड्रोनचा तक्ता

भरताची वांगी घ्यायची असली तरी आमचे शेजारी भास्करनाना तीन ठिकाणी भाव विचारतात. भाव सगळेच विचारतात, म्हणा. नाना तो लिहून घेतात. घरी येऊन रेघा मारलेल्या कागदावर तीन वांगीवाले आडवे आणि रंग, देठ, बिया, विक्रेत्याचे वर्तन असे रकाने उभे मांडतात, खाली सही करतात आणि पुन्हा बाजारात जातात. तोवर वांगी संपलेली असतात. त्या दिवशी त्यांच्याकडे शेवेची भाजी होते.

नाना छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या भांडार विभागात खरेदी बघत होते. तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो वर पाठवायचा. वर त्याचं काय व्हायचं ते वरच्यांना माहीत. आपल्या तक्त्यात कधी खोट निघाली नाही असं ते सांगतात, आणि मला ते पटतं. तक्त्याप्रमाणे खरेदीच होत नसेल तर खोट काढायला तो वाचणार कोण? निवृत्तीच्या समारंभात त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते अजून खोक्यात आहे. तुलना करायला दुसरी दोन मिळाली नाहीत.

मुलीच्या, म्हणजे वैशालीच्या लग्नासाठीही त्यांनी तक्ता केला होता. एक मुलगा भुसावळचा, एक चोपड्याचा आणि एक भडगावचा, पण पुण्याला नोकरी असलेला. शिक्षण, शेती, उंची, सासूचा स्वभाव असे रकाने होते. वैशालीनं तक्ता शांतपणे वाचला, आणि चुलतभावाच्या लग्नात व्हिडिओ शूटिंगला आलेल्या हेमंतशी लग्न केलं. ज्यानं निविदाच भरली नव्हती त्याला काम मिळालं. नानांच्या उभ्या नोकरीत असं झालं नव्हतं, निदान उघडपणे नाही. त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. तिनं आणि हेमंतनं धुळ्याला स्टुडिओ थाटला. याला आता चार वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी एके सकाळी नाना आमच्या सामाईक भिंतीपाशी आले आणि म्हणाले, "एक ड्रोन घ्यायचा आहे. लहानसा. कॅमेरावाला."

"कशाला?"

"गच्चीवरच्या टाकीचं झाकण जागेवर आहे का ते बघायला. गुडघ्यामुळे शिडी चढवत नाही."

"मी चढून बघतो की."

"तुम्ही बघाल आणि तोंडी सांगाल," नाना म्हणाले. "तोंडी माहितीवर मी निर्णय घेत नसतो."

झालं. तक्ता सुरू झाला. पहिल्या आवृत्तीत नऊ रकाने होते, चौथीत एकतीस. वाऱ्यात टिकतो का, बॅटरी किती मिनिटं पुरते, चित्र हलतं का, पंखा तुटला तर सुटा मिळतो का, झाडाला अडकल्यास काढण्याची जबाबदारी कोणाची. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कायद्याची कटकट कमी, असं कुठंसं वाचल्यापासून वजनाचा रकाना लाल शाईत गेला. दुकानातल्या खोक्यावर दोनशे एकोणपन्नास छापलेलं होतं. छापलेल्यावर विश्वास ठेवायला नाना काही कालचे नव्हेत. आपल्याकडं वजनाच्या बाबतीत एकाच काट्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. त्यांनी दुकानदाराला ड्रोनसकट सराफ बाजारात नेलं. सराफानं ड्रोन मखमलीवर ठेवला, भिंग लावून पाहिला, तोलला आणि सवयीनं विचारलं, "मोड द्यायचीय का?" वजन बरोबर भरलं. तो दुकानदार आता नाना दिसले की जेवायला गेलेला असतो, सकाळी साडेदहालासुद्धा.

"जळगावचे सगळे विकायला बसलेत," नाना मला म्हणाले. "तटस्थ तांत्रिक सल्ला पाहिजे. धुळ्याला एक स्टुडिओ आहे म्हणे. त्यांच्याकडं तीन-तीन ड्रोन आहेत म्हणे." हे दोन्ही 'म्हणे' ते भिंतीवरच्या पालीकडं बघत म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता नाना धुळ्याच्या स्टुडिओला फोन लावू लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. फोन स्पीकरवर, कारण व्यवहाराला साक्षीदार हवा. साक्षीदार मी. बाजूला त्यांच्या पत्नी, सगळ्या गल्लीच्या अक्का, तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. अक्का मुलीशी रोज दुपारी तासभर बोलतात, पण ते नानांना अधिकृतपणे माहीत नाही.

"स्टुडिओ का?"

"हो, स्टुडिओ," वैशालीचा आवाज यायचा. "बोला."

"जळगावहून ग्राहक बोलतोय."

"नमस्कार. गेल्या खेपेला वाऱ्यापर्यंत आलो होतो आपण."

"वारा झाला. आता पूजा. नवीन यंत्र आहे, हळदकुंकू होणार. लिंबू-मिरची बांधली तर वजन अडीचशेच्या वर जाईल काय?"

 पलीकडून गंभीर आवाज. "लहान लिंबू घ्या. मिरच्या सातऐवजी तीन."

नाना लिहून घ्यायचे. 'लिंबू लहान.'

"माझाही एक प्रश्न आहे," स्टुडिओ म्हणायचा. "ड्रोन चालवताना मान वर करून बघावं लागतं. ग्राहकाला चक्कर तर येत नाही ना? बी.पी.ची गोळी वेळेवर चालू आहे?"

"चालू आहे."

"सकाळची का संध्याकाळची?"

"सकाळची. हा प्रश्न तांत्रिक आहे का?"

"पूर्णपणे."

मीठ कमी करण्याची सूचनाही एकदा बॅटरीच्या आयुष्याबद्दल बोलताना आली होती. नानांनी ती तक्त्यात 'देखभाल' या रकान्यात लिहिली आणि खरोखर पाळली. चार वर्षांत मुलीशी एक शब्द न बोललेला हा करारी बाप, असं गल्लीत अजूनही आदरानं सांगतात.

तक्ता काही पुरा होईना. तो होत आला की बाजारात नवीन मॉडेल यायचं आणि नाना समाधानानं नवा कागद घ्यायचे. मी एकदा वैतागून अक्कांना म्हणालो, "दोन वर्षांत लोकांचं घर बांधून होतं. यांना एक ड्रोन निवडता येत नाही?"

अक्का शेंगांवरून नजर न हलवता म्हणाल्या, "भाऊ, ड्रोन घरमा वना का फोन बंद व्हयी. मंग ते कशाले घेतीन?"

मी स्वतःला माणसं वाचण्यात हुशार समजत होतो. त्यानंतर जरा कमी समजू लागलो.

यंदा रामनवमीच्या आधीच्या गुरुवारी स्टुडिओनं स्वतःहून विषय काढला. धुळ्यात आता दर चौकात एक स्टुडिओ झालाय. हेमंतच्या मामांची सुरतेला ओळख आहे, तिथं काम बरं आहे. महिनाअखेर सामान हलवणार. "हा नंबर दुकानाचा आहे," वैशाली म्हणाली. "तो नवीन मालकाकडं जाईल. ग्राहकाला काही विचारायचं असेल तर आताच विचारून घ्या."

नाना म्हणाले, "नोंद घेतली." फोन ठेवला. काय नोंद घेतली ते बघितलं, तर कागद कोरा होता.

पुढचे चार दिवस ते भिंतीपाशी आले नाहीत. अक्कांनी सांगितलं, वांगी आणायला गेले आणि पहिल्याच माणसाकडून घेऊन आले. किडकी निघाली, पण त्यावर काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे. "धुळ्याला यायचंय तुम्हाला. प्रत्यक्ष पाहणी."

एसटीत नाना तक्त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एरंडोल गेलं, पारोळा गेला, त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. मी इतका शांत प्रवास त्यांच्याबरोबर कधी केला नव्हता आणि पुन्हा करावासा वाटत नाही.

स्टुडिओत निम्मी खोकी भरून झाली होती. हेमंत पडद्यांची गुंडाळी करत होता; नानांना बघून तो ती गुंडाळी तशीच हातात धरून उभा राहिला. वैशाली काउंटरमागं होती. नानांनी कोणालाच ओळख दाखवली नाही. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला.

"जळगावचा ग्राहक."

"ओळखलं," वैशाली म्हणाली. तिचा आवाज फोनवरच्या इतका सरळ नव्हता.

"ड्रोन घ्यायचा आहे."

"कोणता?"

"तुम्ही द्याल तो."

मी चमकून बघितलं. वैशालीनं मागच्या कपाटातून एक खोका काढून काउंटरवर ठेवला. नानांनी त्यावर हात ठेवला, उघडला नाही. "अटी आहेत," ते म्हणाले.

"सांगा."

"विक्रीनंतरची सेवा. यंत्र चालवून दाखवायला घरी यावं लागेल."

"सुरतेहून?"

"सुरतेहून. वर्षातून एकदा तरी." नाना काउंटरच्या काचेकडं बघून बोलत होते. "आखाजीला सुरतेचं दुकान बंद ठेवता येत असेल तर आखाजीला."

खान्देशात ज्याला आखाजी कळते त्याला पुढचं सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधलेले असतात. अक्कांच्या दारातल्या कडुलिंबाला चार वर्षांत झोका बांधलेला मी पाहिला नव्हता.

 वैशालीनं खोक्यावरची नसलेली धूळ पुसली. मग पुन्हा पुसली.

"सोबत तांत्रिक माणूस आणायचा असला तर?" तिनं विचारलं.

हेमंतच्या हातातला पडदा जरासा उलगडला.

"आणावा," नाना म्हणाले. "राहण्याची, जेवणाची सोय ग्राहकाकडं."

"किती दिवस?"

"ते मी ठरवायचं नाही. तिच्या आईला विचारा."

'तिच्या' म्हणताना ते जिच्याशी बोलत होते तिच्याकडंच त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा बघितलं. सरकारी भाषा तिथं संपली, म्हणून ते उठले. हेमंत पाया पडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला नानांना काही अडचण आली नाही, फक्त दुसऱ्या हातात खोका असल्यानं तोल थोडा गेला आणि वैशालीनं कोपर धरलं. ते तिनं एसटी लागेपर्यंत सोडलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा नानांनी घेतली. खोका मांडीवर, पिशवी पायाशी. पारोळ्याच्या अलीकडं मला राहवेना.

"नाना, शेवटी कोणतं मॉडेल घेतलंत?"

नाना वैशालीनं धरलेल्या कोपरावरून हात फिरवत होते.

"वाळलीय हो फार," ते म्हणाले.