डाग तसाच राहू दे

रविवारी दुपारी आईने बिट्टीला दंडाला धरून टीव्हीसमोर बसवलं. आईच्या अत्यंत आवडीचा, जुना, प्रेमाचा सिनेमा लागणार होता. बिट्टी पंधरा वर्षांची. त्या वयात आईला आवडणारी कुठलीही गोष्ट ही शिक्षाच असते.

"रंगीतसुद्धा नाहीये गं हा!"

"गप बस आणि बघ. रडली नाहीस तर नाव बदलेन माझं."

सिनेमात नायिकेच्या पेनातली शाई नायकाच्या रुमालावर सांडते. मग दोघांची ताटातूट होते आणि तो पठ्ठ्या तो रुमाल न धुता वीस वर्षं खिशात बाळगतो. शेवटी बंदराच्या धक्क्यावर त्याने रुमाल काढला तेव्हा आईने नुसतं नाक ओढलं. बिट्टीने मात्र हंबरडाच फोडला. उशीचा अभ्रा ओला झाला. आईच घाबरली.

"अगं, होतं त्यांचं लग्न आता!"

"माहितीये! म्हणूनच तर रडतेय!"

बाबांची लाँड्री होती. सिनेमाभर ते गंभीर चेहऱ्याने बसून होते. आता म्हणाले, "वीस वर्षं? मग कसला निघतोय तो डाग. त्याच दिवशी दुधात भिजवायला हवा होता." यावर बिट्टीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते मुकाट्याने चहा ठेवायला उठले.

शाळा, बँका सगळ्यांनाच सुट्टी असल्यामुळे सोमवारी दुकानात काउंटरवर बिट्टीच होती. काम सोपं. डागाच्या कपड्याला लाल दोरा बांधायचा, नुसत्या इस्त्रीच्या कपड्याला निळा. आत बाबा दोरा बघूनच कपडा उचलत. लाल टबाकडे, निळा टेबलाकडे.

सकाळी बँकेतले कॅशियर आले. चाळिशी ओलांडलेले, एकटे राहणारे, इतके सज्जन की रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर तेच बाजूला होत. त्यांनी क्रीम रंगाचा कोट काउंटरवर ठेवला. कोटावर, बरोबर काळजाच्या जागी, लालभडक डाग होता.

"आज संध्याकाळी हवाय," ते म्हणाले. आवाज अगदी दाटलेला. "काहीही करून हा डाग गेला पाहिजे." आणि खोकत खोकत निघून गेले.

बिट्टीने डाग निरखून पाहिला. लिपस्टिक! छातीवर डोकं टेकून कुणीतरी निरोप घेतला असणार. आणि हा बिचारा दुःखाच्या भरात शेवटची खूणही पुसायला निघालाय! उद्या केवढा पस्तावेल! तिने इकडेतिकडे पाहिलं, बांधलेला लाल दोरा कापला आणि निळा बांधला.

"बिट्टे, याला डाग आहे की गं!" बाबा आतून ओरडले.

"तसाच राहू दे."

"राहू दे? अगं, वरून गरम इस्त्री फिरली की जन्मात निघायचा नाही तो."

"नकोच निघायला," बिट्टी डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं बाबा."

कालची ती नजर पुन्हा अंगावर घ्यायची बाबांची तयारी नव्हती. "बरं बाई, गिऱ्हाईक म्हणेल तसं," म्हणत त्यांनी इस्त्री फिरवली. अगदी कडक.

संध्याकाळी कॅशियर आले ते केस चापून बसवलेले, हातात फुलं. कोट उलगडला आणि ते तिथल्या स्टुलावर मटकन बसले.

"अहो, हे काय? डाग?"

"मी राखलाय तो," बिट्टी हळूच म्हणाली. "त्यांची आठवण म्हणून."

"कुणाची?"

"त्यांचीच... लिपस्टिकवाल्या बाईंची."

"लिपस्टिक कुठली! खोकल्याचं औषध आहे ते!"

मग सगळंच बाहेर आलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून कॅशियर गेली दोन वर्षं खोकल्याचं औषध विकत घेत होते. खोकला नव्हताच. पण खोटं खोकून खोकून आवाज मात्र खरोखर बसला होता. घरात बाटल्या ठेवायला जागा उरली नाही, म्हणून काल ओतून द्यायला गेले आणि अंगावर सांडलं.

"आज त्यांनी पहिल्यांदा चहाला बोलावलंय हो. आज विचारणारच होतो मी. दुसरा कोटपण नाहीये माझ्याकडे!"

बाबांनी दूध लावलं, वाफ दिली, चोळलं, घासलं. डाग ढिम्म. शेवटी कॅशियर तोच कोट घालून, डागावर फुलं धरून निघाले. त्यांची ती पाठमोरी चाल बिट्टीला बघवेना. बाबा ओरडलेही नाहीत, त्यामुळे तर तिला जास्तच लागलं. एका भल्या माणसाचं जमत आलेलं लग्न आपण मोडलं, या विचाराने ती रात्री जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच औषधवाल्या बाई तरातरा आल्या. हातात तो कोट. मागे नुसत्या शर्टातले कॅशियर, मान खाली घालून.

"लाँड्री आहे का थट्टा?" बाईंनी कोट काउंटरवर आपटला. "डागावर इस्त्री फिरवतं का कुणी? घासून घासून बोटं सोलवटली माझी!"

"माझं चुकलं," बिट्टी रडवेली होऊन म्हणाली. "बाबांचा दोष नाहीये."

"बाई, नवा कोट शिवून देतो मी," बाबा घाईघाईने म्हणाले.

"ते नंतर बघू! त्यांना आत्ता बँकेत जायचंय त्याचं काय? आमच्या ह्यांच्याकडे हा एवढा एकच कोट आहे!"

बाबांनी चमकून बाईंकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते बाईंच्या लक्षात आलं आणि त्या वळून हँगरवरचे कपडे फार बारकाईने बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

कॅशियर काउंटरवरून वाकले आणि बाबांच्या कानाशी कुजबुजले, "अहो, मी अजून विचारलेलंच नाहीये. काल धीरच झाला नाही."

"मग आता कशाला विचारताय?" बाबा कोट उचलत म्हणाले. "उत्तर आलं की!"